छतातला दिवा स्वतः बदलायचाय, पहिलीच वेळ आहे. आधी काय बघू?

शेवगा_शेंग | शनिवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. सध्या सांगलीला आईकडे आलेय. घर १९८८ सालचं. मधल्या खोलीत छताला तो जुना तपकिरी बॅटन होल्डर आहे, लाकडाच्या गोल ठोकळ्यावर बसवलेला. ठोकळा पोखरलाय, खालच्या कॉटवर रोज चिमूटभर भुसा पडतो. तो काढून गोल एलईडी पॅनल लावायचं ठरवलं आणि १५ वॅटचं घेऊनही आले. नेहमीचे वायरमन दोन दिवस "येतो, येतो" करतायत. एका दिव्यासाठी घोडा घेऊन कोण येतंय!

मी आजवर बल्ब बदललेत आणि एकदा इस्त्रीचा प्लग टॉप बदललाय, बस. जवळ टेस्टर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आहेत, ड्रिल शेजारच्यांचं मिळेल. घोड्यावर चढून नीट पाहिलं तर ठोकळ्याच्या फटीतून दोन वायरी दिसल्या. दोन्ही लाल! यातली फेज (करंट आणणारी जिवंत वायर) कुठली हे कसं ओळखायचं? बाकी बटण बंद केलं की काम करायला हरकत नाही ना?

जाता जाता, सध्याचा एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणत असतो. आई म्हणते, झीरोच्या बल्बचे पैसे वाचले. नवीन पॅनल लावल्यावर तेही थांबेलच.

मोगरा_दारचा | १०:४०

अगं कर की! मी गेल्या वर्षी हॉलमधले दोन बदलले. होल्डरचे दोन स्क्रू, वायरीचे दोन स्क्रू, संपलं. फक्त मेन बंद कर, नुसत्या बटणावर विसंबू नकोस. आणि खाली उभं राहायला कोणीतरी हवं. एका हातात पॅनल, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंडात स्क्रू, अशी माझी गत झाली होती.

खडूस_पेन्शनर | ११:०५

विजेशी खेळ नको. वायरमनचे तीनचारशे रुपये वाचवायला जाल आणि दवाखान्यात घालवाल. शिवाय परवानाधारक माणसाखेरीज वायरिंगला हात लावणं कायद्यात बसत नाही. हल्ली व्हिडिओ बघून जो तो इंजिनिअर.

बोरिवली_स्लो | ११:२०

घरात इन्व्हर्टर आहे का ते आधी सांगा. मी मेन बंद केला, पंखा थांबला, फ्रिज बंद पडला, खुशीत घोड्यावर चढलो. आमचा तो दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर. मेन बंद झाल्याबरोबर इन्व्हर्टरला वाटलं वीज गेली, तो इमानदारीत चालू झाला. होल्डर उघडताना असा झटका बसला की पक्कड खाली, पक्कड पडली ती मत्स्यटाकीच्या काचेवर. मासे वाचले. तेव्हापासून मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, मगच घोडा.

शेवगा_शेंग | ११:३२

नाही, इन्व्हर्टर नाही आईकडे. मासे वाचले हे वाचून बरं वाटलं.

तारतंत्री_अप्पा | दुपारी १२:१०

ताई, थांबा जरा. होल्डरला हात लावू नका अजून.

मी आयटीआयचा तारतंत्री, एकतीस वर्षं घरगुती वायरिंग केलं, आता गुडघे घोड्यावर चढू देत नाहीत म्हणून इथे बसून बोलतो. तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं तुम्ही "जाता जाता" लिहिलंय.

बटण बंद करूनही एलईडी मिणमिणतो त्याची नेहमीची दोन कारणं. एक, बटणात छोटा लाल इंडिकेटर असतो. बटण बंद असताना त्यातून चिमूटभर करंट बल्बकडे जातो. तसं असेल तर घाबरायचं काही नाही. दुसरं, बटण फेजवर न बसता न्यूट्रलवर, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीवर, बसलंय. म्हणजे बटण बंद केलं तरी फेज वर होल्डरपर्यंत आलेलीच असते, फक्त परतीची वाट तुटलेली असते. तीसुद्धा पूर्ण तुटत नाही. भिंतीतून गेलेल्या लांब वायरीतून, त्यातही ओल असली तर जास्तच, थोडा करंट निसटत राहतो. जुना पिवळा बल्ब तेवढ्यावर पेटायचा नाही म्हणून कुणाला कळायचं नाही. एलईडीला तेवढंसुद्धा पुरतं.

आता दोन गोष्टी बघून सांगा. बटणात इंडिकेटर आहे का? आणि त्याच बोर्डावर सॉकेट असेल तर टेस्टर आत घालून कुठल्या भोकात पेटतो? अर्थिंगचं मोठं भोक वर धरून समोरून बघायचं. फेज उजवीकडे असायला हवी.

ठाणेकाका | १२:२५

अप्पा आले. आता धागा शंभरी गाठणार.

लीड्सचा_लिंबू | १२:५०

रंगांवर कुणीही विश्वास ठेवू नका, हे मी इंग्लंडातून ओरडून सांगतो. इथल्या जुन्या घरात छताचा सीलिंग रोझ (दिव्याची वायर जिथून खाली येते ती गोल डबी) उघडला की आतून वायरींचा पुंजकाच बाहेर येतो. कारण इथे फेज आधी दिव्याकडे जाते, तिथून खाली बटणाकडे आणि परत वर. ती परत आलेली वायर काळी असते आणि पूर्वी काळा म्हणजे न्यूट्रल. मी पुण्याच्या हिशेबाने लाल सगळ्या एकत्र, काळ्या सगळ्या एकत्र बांधल्या. वायरी किती सुबक दिसत होत्या म्हणून सांगू. बायकोने बटण दाबलं आणि फट्! अख्ख्या वरच्या मजल्याचे दिवे गेले. त्या एका काळीवर लाल टेप गुंडाळलेली असायला हवी होती, ती कुणीतरी गुंडाळलीच नव्हती. इथे २००४ पासून नव्या वायरिंगला तपकिरी आणि निळा रंग आला, म्हणजे आमच्या घरात आता चारही रंग सुखाने नांदतायत.

मी उघडताना फोटो काढला नव्हता. एक फोटो काढला असता तर संध्याकाळ वाचली असती.

खडूस_पेन्शनर | दुपारी १:१५

बघा. मी काय म्हणत होतो?

तारतंत्री_अप्पा | १:४०

खडूसराव, कायद्याचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम परवानाधारक ठेकेदाराचा होता. पण त्याच नियमात दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि फिटिंग बदलायला सूट दिलेली होती, मूळ जोडणीची क्षमता आणि प्रकार बदलत नसेल तर. २०१० च्या नियमांतही तसंच होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही तसंच आहे. म्हणजे होल्डर काढून पॅनल लावणं ताईंनी करावं. नवीन पॉइंट ओढणं, बोर्डाची आतली जोडणी फिरवणं हे त्यांचं काम नाही.

शेवगा_शेंग | ३:०५

अप्पा, बघितलं. बोर्ड पाचसहा वर्षांपूर्वी नवा बसवलाय, पांढरा, मॉड्युलर. इंडिकेटर नाही. सॉकेटमध्ये टेस्टर डाव्या भोकात पेटतो, उजव्यात नाही. तीनदा पाहिलं. पुढच्या खोलीतल्या बोर्डावर मात्र उजवीकडेच पेटतो.

आणि बल्ब काढून, बटण बंद ठेवून होल्डरच्या पिनला टेस्टर लावला. एक पिन झक्क पेटली.

सांगते खरं, थोडं पोटात गोळा आला. मी सकाळी नुसतं बटण बंद करून त्या ठोकळ्यात बोटभर अंतरावर डोकावत होते.

मोगरा_दारचा | ३:१२

बाई गं.

तारतंत्री_अप्पा | ३:५०

झालं तर मग. ज्याने नवा बोर्ड बसवला त्याने त्या खोलीकडे येणारी जोडी उलटी जोडली. दोन्ही वायरी लाल असल्या की हे व्हायचंच. १९८८ ला बांधणाऱ्याने लाल बंडल उरलं होतं तेच संपवलं असणार, आम्ही लोकांनीही केलंय हे, खोटं कशाला बोलू. टेस्टर न लावता जोडणाऱ्याची चूक मात्र माफ नाही.

त्या खोलीतला पंखासुद्धा बटण बंद केल्यावर जिवंतच असतो हे लक्षात ठेवा. आईंना सांगा, बटण बंद करून ओल्या फडक्याने पंखा पुसायचा नाही.

हॅलोजन_हरी | ४:०५

सोपा उपाय आहे की. वर पॅनल जोडताना वायरी उलट करून टाका. फेजच्या जागी न्यूट्रल. झालं सरळ.

तारतंत्री_अप्पा | ४:२०

हरी, असं सांगू नका हो कुणाला. वर वायरी उलट केल्या तरी बटण खाली न्यूट्रलच तोडत राहणार. पॅनलला काय, उलटसुलट कसंही जोडलं तरी ते उजेड देतं. शॉक माणसाला बसतो. चूक बोर्डात आहे, ती बोर्डातच निस्तरायची.

ताई, दिवा तुम्ही आज बदलू शकता. मेन बंद ठेवून करायचा. बोर्डासाठी मात्र वायरमनला बोलवा आणि फोनवर "दिवा लावायचाय" असं न म्हणता "बोर्डात फेज न्यूट्रल उलटं आहे" म्हणा. लगेच येईल बघा.

तुमच्याकडे मेन स्विच कसा आहे? एकाच दांड्याने दोन्ही वायरी तुटतात का? मीटरजवळचा जुना लोखंडी हँडलवाला किंवा जोडीचा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवतात ते आपोआप पडणारं बटण) असेल तर उत्तम. एकट्या खोलीचा एमसीबी पाडून चढू नका, तो एकच वायर तोडतो आणि तुमच्या घरात कुणी कुठे काय उलटं केलंय ते आता देवच जाणे.

शेवगा_शेंग | ४:३५

मीटरजवळ जोडीचा एमसीबी आहे, दोघांची दांडी एकत्र. त्याखाली पूर्वीच्या किटकॅट फ्यूजच्या जागी चार सुटे.

तारतंत्री_अप्पा | ५:१०

छान. मग असं करा.

उजेडीच करा, उद्या सकाळी. मेन पाडल्यावर खोलीत अंधार झाला तर तुम्ही दिव्यासाठी दिवा शोधत बसाल. टेस्टर आधी चालू सॉकेटात लावून पेटतो ना ते बघा. मग मेन पाडा, त्यावर कागद चिकटवा, आईंना तिथे खुर्ची द्या. मग होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. पेटला नाही तरी लगेच विश्वास ठेवू नका. खाली उतरून मेन चालू करा, टेस्टर परत सॉकेटात पेटतो का बघा, मेन परत पाडा, परत वर चढून दोन्ही पिना बघा. टेस्टरच मेला असेल तर मेलेली वायर आणि जिवंत वायर सारखीच दिसते. आणखी एक. टेस्टरचा निऑन आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या इवल्याशा करंटवर पेटतो. प्लास्टिकचं स्टूल आणि पायात रबरी चप्पल असली की तो मंद पेटतो, उन्हात तर दिसतच नाही. चप्पल काढू नका. दुसऱ्या हाताने टेस्टरच्या दिव्यावर सावली धरा आणि नीट बघा. टेस्टर धरलेल्या हाताचं बोट मागच्या टोपीवर हवं आणि पुढचं लोखंड कुठेही हाताला लागायला नको.

लाकडाचा ठोकळा बहुतेक हातातच सुटा येईल. त्याच्यामागे छतातून पाइपचं तोंड दिसेल, त्यातून वायरी. १९८८ च्या वायरीचं आवरण वरच्या टोकाला बल्बच्या उष्णतेने कडक झालेलं असतं. हळूच वाकवून बघा. तडकलं तर तेवढा तुकडा कापून मागचं चांगलं आवरण सोला. ओढून वायर बाहेर काढायला जाऊ नका, उलट आत गेली तर मग गंमत.

पॅनलच्या मागे छोटी दोन टोकं असतील. दुकानातून दोन अंगांची कनेक्टर पट्टी आणा, दहावीस रुपयांची. सेंटिमीटरभर सोला, तारेला पीळ द्या, कनेक्टरमध्ये घालून स्क्रू आवळा आणि मग प्रत्येक वायर ओढून बघा. बाहेर तांबं दिसता कामा नये. नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळायची पद्धत आम्हीच पाडली, पण उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि ती उलगडते. करू नका.

लीड्सचा_लिंबू | ५:२२

आणि फोटो!

चिकूवाडी | ५:४५

मधेच विचारते, माझं झुंबर आहे साधारण आठ किलोचं. ते पण असंच स्क्रूवर लागेल का?

तारतंत्री_अप्पा | ६:००

नाही. ते पंख्याच्या हुकावर. हुक स्लॅबच्या सळईला अडकवलेला हवा, नुसत्या पीओपीच्या खोट्या छतात खोचलेला नको. आणि झुंबर लोखंडी असेल तर त्याला हिरवी अर्थिंगची वायर लागतेच. जुन्या घरात दिव्याच्या पॉइंटला अर्थिंग आणलेलं नसतं. वेगळा धागा काढा.

शेवगाताई, तुमचं पॅनल प्लास्टिकचं आहे ना? मागे चौकोनात चौकोन अशी खूण बघा. ती असेल तर अर्थिंगची गरज नाही.

शेवगा_शेंग | ६:१०

आहे, चौकोनात चौकोन आहे!

मिस्त्री_नाही_मी | रात्री ८:३०

ड्रिलबद्दल कुणी बोललं नाही. स्लॅबला हॅमरवर ठेवून ६ एमएमचा बिट. पॉइंटपासून बोर्डाच्या भिंतीकडे जी सरळ रेष जाते तिच्यावर भोक पाडू नका, पाइप तिकडेच असतो. सळई लागली तर आवाज बदलतो, किर्र्र येतो. जोर करू नका, बोटभर बाजूला सरका. ड्रिलसाठी मेन चालू लागणारच, तेव्हा उघड्या वायरींची टोकं आधी वेगवेगळी कनेक्टरमध्ये बंद करून ठेवा आणि ड्रिलची वायर दुसऱ्या खोलीतून घ्या.

दह्याच्या प्लास्टिकच्या डब्याला तळाला भोक पाडून बिटमध्ये अडकवा, तोंड वर. सगळी धूळ डब्यात पडते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा डब्याशिवाय आणि तोंड वर करून, चष्म्याशिवाय. दोन दिवस डोळे चोळत होतो.

शेवगा_शेंग | रविवार, दुपारी १:५०

लागला! अडीच तास. त्यातला तासभर एका गिट्टीने (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा तुकडा) खाल्ला.

क्रमाने सांगते. फोटो काढला (लिंबूभाऊ, तुमच्यासाठी दोन काढले). मेन पाडून आईला खुर्ची दिली, ती पेपर घेऊन बसली आणि कुणीही आलं की "हात लावायचा नाही, वर पोरगी आहे" म्हणत होती. टेस्टर तिन्हीवेळा बघितला. ठोकळा खरंच हातात आला, त्याचा अर्धा भाग पिठासारखा झाला होता. आत एक झुरळ, मेलेलं, बहुधा माझ्याच वयाचं. वायरीचं आवरण एका बाजूला तडकलं होतं, दोन सेंटिमीटर कापून चांगलं लागलं.

पहिलं भोक सरळ गेलं. दुसऱ्याला किर्र्र आलं, तेव्हा मिस्त्री_नाही_मी यांची आठवण काढून बाजूला सरकले. पण ते भोक जरा मोठं झालं आणि गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरायला लागली. शेवटी शेजारच्या काकांनी ८ एमएमचं भोक पाडून मोठी गिट्टी ठोकून दिली. पॅनल किंचित तिरकं बसलंय. उजवी बाजू जरा खाली. मलाच दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही, असं सगळे म्हणतात.

आणि अप्पा, पॅनलही रात्री मिणमिणणार असं तुम्ही म्हणाला नव्हतात, पण दुपारीच खिडक्या लावून पाहिलं. मिणमिणतंय.

हॅलोजन_हरी | २:१०

अभिनंदन! किंचित तिरकं म्हणजे हाताने केल्याचा पुरावा.

खडूस_पेन्शनर | २:३०

अभिनंदन. वायरमनला बोलावलंत का?

शेवगा_शेंग | २:४५

हो काका. "फेज न्यूट्रल उलटं" म्हटल्यावर तासाभरात येतो म्हणाले. तीन दिवस "येतो येतो" करणारे हेच ते.

शेवगा_शेंग | रात्री ९:२०

येऊन गेले. बोर्ड उघडला, आत येणारी लाल जोडी बदलली, मीटर लावून दाखवला. दहा मिनिटं. न्यूट्रलवर काळी टेप गुंडाळायला मी सांगितलं, तर "कोणी शिकवलं?" म्हणाले. आता सॉकेटात उजवीकडे पेटतो. बटण बंद केलं की पॅनल पार विझतं, होल्डरच्या काळापासून पहिल्यांदाच खोलीत काळोख झाला.

आई नाराज आहे. एक म्हणजे तिचा झीरोचा दिवा गेला. दुसरं, उजेड "दवाखान्यासारखा पांढरा" आहे. डब्यावर ६५०० के लिहिलंय, मी घेताना ते वॅट वगैरे काहीतरी असेल असं समजले होते.

मोगरा_दारचा | ९:३०

३००० के आण गं, पिवळसर असतो. डबा आणि पावती असली तर दुकानदार बदलून देईल. आता काय, तुला पंधरा मिनिटांचं काम.

तारतंत्री_अप्पा | ९:५५

बरं झालं. वायरमनला मेनजवळ ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवायचा काय खर्च येतो तेही विचारून घ्या, आई एकट्या असतात. आणि ताई, पुढच्या खोलीचं सॉकेट सरळ आहे म्हणालात. बाकीच्या खोल्या बघितल्यात?

शेवगा_शेंग | १०:१५

आत्ता उठून बघितलं. देवघर ठीक. स्वयंपाकघरात डावीकडे पेटतो. मिक्सर आणि फ्रिज दोन्ही त्याच बोर्डावर. वायरमनना पुन्हा फोन लावलाय, उचलत नाहीयेत.